वजनात बसेल तेवढं

तीस किलोंवर काटा अडला, तेव्हा दाभिळकरने बॅगेतून
दोन गोष्टी काढल्या: इस्त्री आणि हा नेटबुक.
इस्त्री पुन्हा आत घातली.
"घे तुला. सुरू होईस्तोवर चहा करून होतो,
पण होतो."

सोहार, फलज अल कबाइल, खोली नंबर नऊ.
जूनमधली रात्र, बाहेर अडतीस.
स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर मी यंत्र ठेवलं
एसीच्या झोताखाली, पाहुण्याला बसवावं तसं.
एक जीबी मेमरी. एक बिजागरी तुटकी.
कळांवर इंग्रजी आणि अरबी,
ढ-बिढ मनातच शोधायचे.

पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने आधी विचारलं, भाषा?
मग, तुम्ही कुठे आहात?
मस्कत म्हणालो. घरापासून दीड तास मागे.
मग, संपूर्ण डिस्क पुसायची का?

तिथे थांबलो. फोन लावला.
तिकडे बारा वाजून गेलेले. आधी खोकला आला,
मागून दाभिळकर.
"पूस. पुसून टाक सगळं.
'खोली' नावाची एक फाइल असेल, ती बघ, हवी तर."
चार केबी.
चार केबीला कुठला काटा अडवतोय.
ती बाजूला काढली आणि 'हो' दाबलं.

मग आवराआवर.
ब्लूटूथ बंद, जोडायला दुसरं आहे काय.
छपाईची सेवा बंद, या खोलीत छापणार कोण.
सुरुवातीचं चित्र, खिडक्यांच्या सावल्या,
चूक झाली की वाजणारी ती टुंग,
काढ, काढ.
वरच्या बंकवरून टेकबहादुर बघत होता.
"इतकं काढलंस तर उरणार काय?"
"एकशे अठरा एमबी," मी म्हणालो,
आणि तेव्हा मला ते उत्तर वाटलं.

वायफायचा ड्रायव्हर सापडेना.
शिबूच्या फोनला वायर लावून त्याचाच डेटा खाल्ला;
बदल्यात उद्याची भांडी माझ्याकडे.
स्वॅपचा आकडा साठावरून दहावर आणला.
म्हणजे, मेमरीत आहे ते लगेच बाहेर घालवू नकोस,
अगदीच जागा उरली नाही तर बघू.
आणि नोअटाइम:
कोणी कधी काय उघडून वाचलं
याची नोंद ठेवू नकोस. जुन्या डिस्कला तेवढाच आराम.
घड्याळाचा सेल मेलेला. यंत्र दर वेळी उठतं ते
१ जानेवारी २००९ला, ताजंतवानं.
तीन मिनिटं दहा सेकंदांचे एकेचाळीस झाले.
कुणाला सांगू? सगळे झोपलेले.

मग ती फाइल उघडली.
चौकोन. ओळीने नुसते चौकोन, पोटात बारीक आकडे:
०९३३, ०९१५, ०९३०.
लिपी मीच वगळली होती,
जागा वाचते म्हणून.
फॉन्ट घातला. पान उघडलं पुन्हा.

बंक दोन, सुभान कौचाली, आला, गेला.
बंक चार, लक्ष्मण ताटे, आला, कतारला गेला.
बंक दोन, नाव नाही, "गाणारा, बिहार," एवढंच.
अकरा वर्षं, त्रेचाळीस ओळी.
शेवटून दुसरा मी, आडनावाची वेलांटी चुकलेली,
'गेला'पुढे रिकामं.
पहिली ओळही तशीच:
बंक एक, हसनमिया दाभिळकर, आला
आणि पुढे काही नाही.
आपली ओळ तो पुरी करणार तरी कधी होता,
विमानतळाच्या रांगेत?

मी तारीख घातली. एकोणीस मे, मंगळवार.
'कारण' असाही एक रकाना होता.
मेडिकलचा शिक्का मी पाहिला होता.
तो रकाना सोडला.
माझी वेलांटी नीट केली. सेव्ह.

पावणेपाचला बस.
यंत्र मिटलं, ताट उचललं,
तव्यासारखं तापलेलं.
असू दे. भांडी माझ्याकडेच आहेत.